मामांच्या बदली मामी

आमच्या बेटावर सुट्टीला येणारे पाहुणे समुद्राखाली जी हवा घेतात, ती माझ्या मामांनी भरलेली असते. धक्क्यामागच्या पत्र्याच्या खोलीत कंप्रेसर धडधडत असतो आणि मामा प्रत्येक सिलिंडरची झडप जराशी उघडून हवा हुंगून बघतात. तेलाचा वास आला की सिलिंडर बाजूला. डायव्हिंग सेंटरचा मालक कितीही नाचला तरी मामा ढिम्म हलत नाहीत.

पूर्वी पाहुण्यांना खाली न्यायचं काम तेच करायचे. आता ते मी करते. एकदा मामा सर्दी झालेली असताना हट्टाने उतरले आणि त्यांच्या उजव्या कानाचा पडदा गेला. पाण्याखाली जायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून मामांचं कशात लक्ष लागत नाही. मी वर आले की पहिला प्रश्न ठरलेला, "सासरेबुवा दिसले?" सासरेबुवा म्हणजे प्रवाळाच्या कपारीत राहणारा एक बोजड, म्हातारा मासा. कायम तोंड पाडून बसलेला, म्हणून हे नाव. मामींना अर्थातच याचा पत्ता नव्हता.

मी सगळं सांगायचे, पण त्यांचं समाधान व्हायचं नाही. "तुझं लक्ष पाहुण्यांवर. तुला काय दिसणार, कपाळ!" शेवटी हंगाम संपल्यावर त्यांनी मामींनाच गळ घातली. "तू जा. तू बघितलंस की मी बघितल्यासारखंच आहे."

"तुमचं डोकं फिरलंय," मामी म्हणाल्या. लग्न होऊन बेटावर आल्यापासून त्यांनी गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं. पण नवऱ्याचं झुरणं त्यांनाही बघवत नव्हतं. मी त्यांना उथळ पाण्यात शिकवलं, आणि एका सकाळी आम्ही होडीतून निघालो. सुकाणू मामांच्या हातात होतं.

खाली मामींनी माझा हात असा आवळला की बोटं बधिर झाली. कपारीपाशी सासरेबुवा बाहेर आले आणि मामींना न्याहाळत थांबले. वरून ऊन झिरपत होतं. पिवळ्या माशांची झुंबड आमच्या अंगावरून गेली, तेव्हा मामींनी माझा हात सोडून दिला. मी वर जायची खूण केली, तर त्यांनी चक्क मान हलवून नाही म्हटलं.

होडीत चढल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"सांग ना! कपार तशीच आहे?" मामांना धीर धरवेना.

मामींनी आधी केस पिळले.

"इतकी वर्षं तुम्ही रोज हे बघून घरी यायचात," त्या म्हणाल्या, "आणि जेवताना बोलायचात काय, तर नळ गळतोय. कान धड होता तेव्हा एकदा तरी म्हणायचं होतंत, चल माझ्याबरोबर."

मामांनी मान खाली घातली. "तू पाण्याला घाबरायचीस," ते पुटपुटले.

"तुमच्याबरोबर नसते घाबरले."