गुरुजी म्हणायची शिक्षा

आमच्या क्विझच्या ग्रुपमध्ये कुणाचं जनरल नॉलेज वाढलं की नाही देव जाणे, पण किस्से मात्र लई वाढलेत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच तोंड घालतो!

ग्रुप म्हणजे जुन्नरच्या बाजारातले सलीमभाई टेलर, वारूळवाडीचे टोमॅटोवाले बबनभाऊ आणि झेरॉक्सवाला मी. दरवर्षी मंचरच्या टीमशी आमचा सामना. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना वर्षभर 'गुरुजी' म्हणायचं! माझं काय जातंय हो? पण मंचरचा कॅप्टन रफीक हा सलीमभाईंचा सख्खा साडू. भर पंगतीत, सगळ्या सासुरवाडीसमोर, "गुरुजी, बिर्याणी घ्या" म्हणताना सलीमभाईंचं तोंड बघवत नाही राव.

*

सराव सलीमभाईंच्या दुकानात, प्रश्न मी काढतो. एकदा विचारलं, "विषुववृत्त कुठून जातं?"

सलीमभाईंनी गळ्यातली टेप चाचपली. "पोटावरून. आणि दरवर्षी ढिलं करावं लागतं!"

*

"टोमॅटो फळ की भाजी?"

बबनभाऊंनी उसासा टाकला. "ते बाजार उघडल्याबिगर सांगता येत न्हाई. भाव असला तर फळ, नसला तर चिखल!"

*

मग संगीत. "तीनतालाच्या एका आवर्तनात मात्रा किती?"

आमच्याकडं पाटाला पाणी सुटतं, त्यालाही आवर्तनच म्हणतात. बबनभाऊ ताडकन उठले. "सुटलं? अन् मला आत्ता सांगता व्हय?" गाडीला किक मारून गडी वारूळवाडीकडं पसार! सलीमभाई आधीच चहा सांगायला गेलेले, म्हणून सोळा मात्रा मी शिलाई मशीनला सांगितल्या.

*

गेल्या वर्षी सामन्यात प्रश्न आला, "भारताचा राष्ट्रीय प्राणी?" एवढा सोपा! पण बबनभाऊ आधी बोलले, "बिबट्या!"

"अहो, वाघ!" सलीमभाईंनी कपाळ बडवलं.

"वाघ कुणी पाह्यलाय? बिबट्या तर रोज उसात हाये!"

तेवढ्यानं हरलो. झालं, आणखी एक वर्ष गुरुजी!

*

यंदा सामना पिंपळवंडीला. संध्याकाळची वेळ, मांडवाला लागून ऊस. दोन्ही टीम बरोबरीत आणि प्रश्न उरलेला शेवटचा. त्यात पुढच्याच आठवड्यात सलीमभाईंच्या धाकट्या मेहुणीचं लग्न!

नेमका माईक बंद पडला. क्विझमास्तर तसाच म्हणाला, "शिकार तोंडात धरून झाडावर चढणारा, आपल्या भागातला प्राणी कोणता?"

प्रश्न फक्त पुढच्या रांगेला ऐकू गेला. रफीक डोकं खाजवत बसला. सलीमभाई खुर्चीवर उभे राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "बिबट्याऽऽ!"

मागची पब्लिक उठली ती पळतच! त्यांना बघून पुढचीही उठली. "कुठाय? कुठाय?" करत बबनभाऊ पळाले, त्यांच्यामागं मी. क्विझमास्तर तर आम्हा दोघांच्या पुढं!

ट्रॅक्टरवर चढून मी वळून बघितलं. मांडव रिकामा. फक्त सलीमभाई खुर्चीवर उभे, आणि शेजारच्या जांभळीच्या वरच्या फांदीला मिठी मारून रफीक.

"सलीमभाई," वरून बारीक आवाज आला, "गेला का हो?"

सलीमभाई खाली उतरले, खुर्ची उचलून जांभळीखाली नेली, पायावर पाय टाकून बसले आणि म्हणाले,

"आधी गुरुजी म्हण!"