टीव्हीनं खाल्लेली ओळ

दहिवडीत फ्लेक्स करायचा तर क्रांतीकडं, हे लोकांच्या गळी उतरायला चार वर्षं लागली. विश्रामबागेत डिझाइनचा कोर्स करून ती आली, तेव्हा नाकं मुरडणारेच आता तिच्या खुर्चीमागं गर्दी करत. मॉनिटरवर बोट टेकवून म्हणत, "माझा फोटो जरा मोठा कर."

त्या बोटांना वैतागून तिनं परवाच घरचा जुना टीव्ही दुकानात टांगला आणि कॉम्प्युटरला जोडला. दोघांचं रिझोल्युशन वेगळं. दोन्हीकडं एकच चित्र ठेवलं की मॉनिटरवरची अक्षरं धुरकट व्हायची. मग तिनं पडद्यांची वाटणीच करून टाकली: मॉनिटर कामाला, टीव्ही गिऱ्हाइकाला.

आज निवृत्त सुभेदार जोतीराम आले होते. गावची सोनिया फौजेत भरती झाली होती, गावातली पहिलीच मुलगी, आणि तिच्या सत्काराचा फ्लेक्स करायचा होता. सोबत सोनियाची आई चंद्राबाई. मेंढरं राखून तिनं एकटीनं लेक शिकवली होती. फ्लेक्सवर मधोमध सोनिया, शेजारी सरपंच आणि तळाला शुभेच्छुकांच्या फोटोंची ओळ. त्या ओळीत एखादं डोकं राहिलं, तर ते घर वर्षभर बोलत नाही.

क्रांतीनं मॉनिटरवर फ्लेक्स जुळवला आणि तोच टीव्हीवरही टाकला. सुभेदार ताडकन उठले.

"आगं, खालची वळ कुठं हाय? आमी काय मेलो व्हय?"

"आवं, ऱ्हाऊ द्या," चंद्राबाई हळूच म्हणाली. "पोरगी दिसतीय, बास झालं. मला कोण वळाकतंय?"

क्रांतीला ते फार लागलं. मॉनिटरवर तर सगळी ओळ धडधडीत दिसत होती. म्हणजे हा टीव्हीच कडा खात होता! तिनं रिमोट घेतला, चित्राच्या आकाराची सेटिंग शोधली आणि पूर्ण चित्राचा पर्याय दाबला. ओळ वर सरकली. सुभेदार मिशीसकट हजर झाले. अगदी शेवटी, कोपऱ्यात, चंद्राबाई होती.

सुभेदार खूश झाले. क्रांती मात्र त्या कोपऱ्याकडं बघत राहिली. तिनं माउस धरला, चंद्राबाईला उचललं आणि सोनियाच्या शेजारी नेऊन बसवलं.

"ती सरपंचाची जागा हाय!"

"व्हय. पर मेंढरं सरपंचानं राखली न्हाईत."

सुभेदारांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा चंद्राबाईकडं.

"छाप," ते म्हणाले. "सरपंचाचं मी बघतो."

चंद्राबाईनं पदरानं डोळे पुसले, मग उठून टीव्हीजवळ गेली.

"पोरी, दुसरा फोटो काढ माझा," ती म्हणाली. "लेकीशेजारी बसायचं, आन ह्यात मी लय रडवी दिसतीय."