इंगेलिसेने न केलेली सही

युटलंडमधल्या त्या ट्राउट माशांच्या तळ्यांवर इंगेलिसे राव्नकेर सव्वीस वर्षं कामाला होती. दर सोमवारी प्राणवायू मोजणारा सेन्सर पाण्यातून काढायचा, टोकावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा बदलायचा, आत क्षाराचं पाणी भरायचं आणि बुडबुडा राहिला नाही ना, हे उजेडात धरून पाहायचं. हे काम तिचंच. म्हणूनच कॉफीच्या सुट्टीत तिच्यापुढे सहीसाठी अहवाल आला आणि त्यात ‘इंगेलिसेच्या हलगर्जीमुळे पापुद्रा खराब होऊन चार हजार मासे मेले’ असं तिने वाचलं, तेव्हा ती हातातला पाव तसाच टाकून उठली.

अहवाल लिहिणारा येप्पे हा दोन महिन्यांपूर्वी आलेला व्यवस्थापक.

“सेन्सर वाहत्या धारेतून काढून तळ्याच्या कोपऱ्यात कोणी नेला?” तिने त्याला विचारलं.

“वायरीला शेवाळ अडकायचं. तूच रोज कटकट करायचीस.”

“मग आकडा पडला, प्राणवायू कमी झाल्याचा भोंगा थांबेना. तेव्हा काय केलंस?”

“आकडा वर नेऊन जुळवला. बिघडलं काय त्यात?”

“ते जुळवायचं दमट हवेत, येप्पे. साचलेल्या पाण्यात नाही.”

तळ्यांचा मालक एगोन मध्ये पडला. “अगं, पण पाणी तर तेच ना?”

तिने बादलीभर पाण्यात हवा सोडली, सेन्सर दमट हवेत धरून शंभर टक्क्यांवर आणला आणि बादलीत बुडवला. हाताने ढवळलं, आकडा अठ्ठ्याण्णव. हात थांबवला. नव्वद, ऐंशी, साठ.

“हा नुसता मोजत नाही, खातो,” ती म्हणाली. “पापुद्र्यातून प्राणवायू आत येतो, आतल्या धातूवर संपतो, त्याचीच वीज होते. ती वीज म्हणजे हा आकडा. समोरचं पाणी हललं नाही, तर जवळचा प्राणवायू हा स्वतःच खाऊन टाकतो.”

पुढचं एगोनला सांगावं लागलं नाही. शनिवारी पाणी आत येण्याच्या जाळीवरचं गवत काढल्यावर कोपऱ्यातून धार वाहू लागली आणि चढवलेला आकडा भलताच फुगला. रविवारी पहाटेच्या उकाड्यात खरा प्राणवायू लिटरला तीन मिलिग्रॅमवर आला, यंत्र पाच दाखवत राहिलं. भोंगा वाजलाच नाही.

येप्पेचे कान लाल झाले. एगोनने पेन काढून तिचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘तांत्रिक बिघाड’.

“झालं. कोणाचंच नाव नको. आपण सगळे एकच आहोत ना? कर सही.”

“मघाशी माझं नाव होतं, तेव्हा नव्हतो एक?”

“इंगेलिसे, उगाच ताणू नकोस.”

“यंत्रात बिघाड नव्हता. ते सांगितलं तसं चाललं. सेन्सर कोणी हलवला, आकडा कोणी चढवला, तेवढं लिहा. तोवर सही नाही.”

तिने कागद येप्पेपुढे सरकवला आणि बादलीतला सेन्सर पुन्हा धारेत लावायला निघून गेली.