मोहाखालची गोष्ट

नागपूरला बालसाहित्य लेखनाचा वर्ग सुरू होतोय हे कळलं तेव्हा मी मूल तालुक्यातल्या आमच्याच गावी शाळेत शिकवत होते. शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवताना मला सारखं थांबावं लागे. गच्ची म्हणजे काय, वाढदिवसाला मेणबत्ती कशाला विझवतात, हे सांगावं लागे. आमच्या पोरांच्या गोष्टी कोणी लिहिल्या नव्हत्या. त्या आपण लिहाव्या असं वाटलं आणि मी नाव घातलं. शनिवारची सकाळची शाळा आटोपून एसटी पकडायची, मैत्रिणीकडे मुक्काम करायचा आणि रविवारी दिवसभर वर्गात बसायचं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या, बारीक आवाजाच्या. गोष्टीतल्या मुलाचं काम मोठ्यांनी करून टाकायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ‘सुंदर’ हा शब्द खोडा आणि काय दिसलं ते लिहा, म्हणायच्या. मी घरी येऊन नवं लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवायची. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची आणि कंटाळली की सरळ म्हणायची, “आता काई होऊन नाई राह्यलं याच्यात.” मग आम्ही दोघी हसायचो.

मोहफुलांच्या दिवसांतला एक रविवार होता. सकाळचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. शेजारच्या भाऊंचा फोन आला. ते म्हणाले, “बाई, तुमी लवकर या. वहिनीले वाघानं नेलं.”

मी बाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. बसमध्ये वही मांडीवर उघडीच होती.

वहिनी पहाटे गावातल्या बायांसोबत फुलं वेचायला गेली होती. वाकून वेचत असताना झालं. बायांनी आरडाओरडा केला, डबे वाजवले, तेव्हा वाघ तिला टाकून गेला. मी पोचले तोवर जंगलखात्याची गाडी आणि पोलीस येऊन गेले होते. तिला पोस्टमार्टेमसाठी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. संध्याकाळी आणलं ते पूर्ण गुंडाळून. तोंड पाहू दिलं नाही. विहारापुढच्या अंगणात भंतेजींनी पंचशील म्हटलं. माझा भाऊ भिंतीला टेकून बसला होता, त्याला दोघांनी धरून उठवलं.

भाची तेव्हा आठ वर्षांची होती. आई दवाखान्यात आहे, असं तिला सांगून आजीच्या मांडीवर बसवून ठेवलं होतं. खरं काय ते तिला शाळेतल्या पोरांनी सांगितलं. तिने घरी येऊन कोणालाच काही विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तर पोरं वाघ-वाघ खेळत होती आणि वाघ ती झाली होती. एका पोरीच्या मानेवर हात ठेवून तिला खाली दाबत होती. पोरगी रडायला लागली तरी तिने हात काढला नाही. मी धावत जाऊन सोडवलं.

नागपूरचा वर्ग सोडायचा माझा विचार होता. भाऊच म्हणाला, “जा. घरी बसून काय करशीन?” मी परत गेले तेव्हा बाईंनी सर्वांना जंगलाची गोष्ट लिहायला दिली होती. माझ्याकडे पाहून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही दुसरं काही लिहा.” मी म्हटलं, “हेच लिहीन.”

इतरांच्या गोष्टींत वाघ आला. एकाचा वाघ मांजरीच्या पिलाला घाबरत होता, एकाचा जंगलाचं न्यायालय भरवत होता. पोरांना आवडल्या असत्या. मग मी माझी वाचली. एक मुलगी, तिची आई फुलं वेचायला जाते, दुपारपर्यंत येत नाही. वाघ कुठेच दिसत नाही. वाचून झालं. मग एक गृहस्थ हळूच म्हणाले, “हे मुलांच्या हातात कसं द्यायचं?”

मी म्हटलं, “मुलांच्या हातात ते आधीच आलं आहे.”

बाईंनी गोष्ट एका मासिकाकडे पाठवायला सांगितली. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. भाषा आवडली, पण शेवट फार अंधारा आहे, मुलीने आईला नेणाऱ्या वाघिणीच्याच पिलांना पाणी पाजलं असं काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी तसं लिहून पाहिलं. ती मुलगी पाण्याजवळ जाईचना.

मे महिन्यातल्या एका दुपारी अंगणात चिंचा फोडत बसलो होतो, तेव्हा भाची म्हणाली, “आत्या, माह्या आईचं लिहिलं ना तू? वाच.” मला भीती वाटली, पण वाचलं. ती चिंचोके वेगळे करत ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “आईनं मले हाक मारली होती का?”

एवढे दिवस ती हेच मनात घेऊन हिंडत होती. मला माहीत नव्हतं. मी तिला घेऊन वहिनीसोबत गेलेल्या म्हाताऱ्या बाईकडे गेले. म्हातारीने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, “नाई बेटा. तिले टाइमच नाई भेटला. आवाज पण नाई झाला.” भाची तिच्या दारातून बाहेर पडली. मग रस्त्यातच बसून रडली. आई गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

भावाला हे कळलं आणि तो भडकला. म्हणाला, “तिच्या मायची गोष्ट करून राह्यली तू? शहरातल्या लोकायले वाचाले?” शाळा सुरू व्हायच्या आधी त्याने पोरीला मामासोबत गडचिरोलीला तिच्या आजोळी पाठवून दिलं. जाताना ती बसच्या खिडकीतून बापाकडेच पाहत होती.

माझा अभ्यासक्रम पूर्ण झाला, प्रमाणपत्र मिळालं. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पुढच्या वर्षी पुन्हा मोह पडला आणि बाया पुन्हा गेल्या, डबे वाजवत, एकमेकींच्या जवळ राहत. माझी आईही गेली. तिला अडवावं असं आम्हा दोघांनाही वाटलं, पण अडवलं कोणीच नाही.

त्याच दिवसांत एकदा मी शाळेच्या वह्या तपासत होते. भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, “त्या गोष्टीत तिनं काय नेसलं होतं?”

“हिरवं लुगडं,” मी म्हटलं.

“कत्थी रंगाचं होतं,” तो म्हणाला. “काठ पिवळा.” आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

मी दुरुस्त केलं. मोठ्या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाकडे गोष्ट पाठवली आहे, अजून काही कळलेलं नाही. भाची सुट्टीत येते. वाघाच्या गोष्टी तिला चालत नाहीत, भुतांच्या चालतात. त्या मी तिला सांगते, आणि भाऊ आतल्या खोलीत दार उघडं ठेवून पडलेला असतो.