तांब्याच्या टार्गेटला काय झालं होतं

लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या ठाण्याच्या कॉलेजमधलं एक्स-रे मशीन बंद पडलेलं. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत तांब्याच्या तुकड्यावर आदळतो आणि एक्स-रे निघतात. त्या तुकड्याला टार्गेट म्हणतात. ते तापतं, म्हणून मागून सतत पाणी खेळवतात. आमचं टार्गेट मधोमध वितळलं. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, ऑपरेटरने पाणी सोडलंच नाही. ऑपरेटर म्हात्रेकाका, कंत्राटावरचे. त्यांना घरी बसवलं.

"सोडलेलं रे पाणी," काका गेटवर मला म्हणाले. "पण माझं ऐकतंय कोण?"

लॅबच्या मॅडमनी टार्गेट कापून माझ्या हातात दिलं. "पाणी नसेल तर अख्खं तांबं तापलं असेल. त्यातले कण सगळीकडे वाढून मोठे दिसतील. पाणी असेल तर फक्त खड्ड्यापाशी. बघ."

मी घासून घासून आरसा केला. कण उठून दिसावेत म्हणून रसायनात बुडवला. मायक्रोस्कोपखाली नुसतं धुकं. एकही कण नाही.

"जोर लावलास ना?" मॅडम हसल्या. "भांडी घासतोयस का? तांबं मऊ असतं. दाबलं की लोण्यासारखं पसरतं, खालचं सगळं झाकतं."

मग हलक्या हाताने. थोडं पॉलिश, थोडं रसायन, परत पॉलिश. दुपार कलली तेव्हा धुकं विरलं. खड्ड्याच्या काठाशी वितळलेलं तांबं लाटांसारखं गोठलेलं, त्यात बारीक भेगा. त्यापलीकडे डोंगरावरून खाडीकाठची मिठागरं दिसावीत तसे कण. चिमुकले, एकमेकांना खेटून, प्रत्येकाचा गुलाबी वेगळा. त्यांच्या बांधांवरून मी किती वेळ चालत राहिलो, कळलं नाही.

"मॅडम, लांबचे कण बारीकच आहेत."

"पाण्याच्या बाजूचे?"

"तेही."

त्यांनी स्वतः बराच वेळ पाहिलं. "म्हणजे पाणी होतं. झोतच एका जागी एकवटला. फोकस बिघडलेला. मी फोटो पाठवते कंपनीला. उत्तर येईपर्यंत काकांना आशा लावू नकोस."

काका रोज फोन करायचे. मी अभ्यासाचं काहीतरी बोलायचो. तांब्याला घाई चालत नाही हे मी शिकलेलो. कंपनीलाही मेल वाचायची घाई नसते, हे तेव्हा कळलं.

एका संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस थांबलेली असताना पुन्हा काकांचा फोन आला.

"अरे, नवीन टार्गेट आलंय. मशीन चालू करायला मलाच बोलावलंय. सोमवारी ये. पाणी सोडताना समोर उभा राहा, साक्षीदार पाहिजे!"