कोपऱ्यातली मावशी

वडिलांनी आयुष्यभर दोन लेन्सांच्या एका उभ्या कॅमेऱ्याने फोटो काढले, आणि त्यातले बहुतेक उद्घाटनांचे. आमच्या शहरात उद्घाटनांचा तुटवडा कधीच नव्हता. आता नव्या रायपुरात तर इमारतीच्या आधी कोनशिला उभी राहते. गेल्या वर्षी कपाट आवरताना बिस्किटांच्या डब्यात त्यांच्या निगेटिव्ह सापडल्या. त्यात एक होती मराठी वाचनालयाच्या उद्घाटनाची. मधोमध मंत्री, हारांत हनुवटीपर्यंत बुडालेला. आजूबाजूला कार्यकारिणी. आणि पार डाव्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, माझी मावशी.

मावशी त्या उद्घाटनानंतर वर्षभरात काविळीने गेली. तिचा दुसरा फोटो घरात नाही. आईची नजर आता महिन्यागणिक अधू होते आहे. निगेटिव्ह खिडकीशी धरून यात मावशी आहे असं मी तिला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दिसते तवर एकदा पाहू दे मले तिले."

आधी मी शहाण्या माणसासारखा फोटोच्या दुकानात गेलो. त्यांनी निगेटिव्ह स्कॅन केली, संगणकाकडून चेहरे 'साफ' करवून घेतले आणि चकचकीत कागदावर छापून दिली. आईने भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"हे पोट्टी कोण होय?"

"मावशी."

"काहीतरीच. हिचं नाक पाह्य. अशी तर टीव्हीवर बातम्या सांगते."

तिचं बरोबर होतं. संगणकाने मावशीला नवीन नाक दिलं होतं. मग मी जाहीर केलं की हा फोटो मी स्वतः, जुन्या पद्धतीने, अंधाऱ्या खोलीत छापणार. घरात अशा घोषणा करायची सवय वडिलांकडून आली असावी.

ब्राह्मणपाऱ्यात एक जुना स्टुडिओ बंद होत होता. तिथे निगेटिव्हमधून उजेड पाडून कागदावर मोठा फोटो उमटवणारा एन्लार्जर मिळाला: उंच खांबावर बसवलेला दिवा, खाली लेन्स, मध्ये निगेटिव्ह धरणारी पत्र्याची चौकट. मालकाने धूळ झटकत सांगितलं, "भैया, जापानी चीज़ है. इसमें सब लगता है." डार्करूमवरची तीन पुस्तकं वाचूनही मी सोबत ना निगेटिव्ह नेली होती, ना पट्टी. घरी आल्यावर कळलं की 'सब'मध्ये फक्त साध्या रिळाच्या छोट्या निगेटिव्ह येतात. आमची सहा सेंटिमीटरची चौरस निगेटिव्ह त्या चौकटीवर अशी बसली, जसा मोठा पाट छोट्या कोनाड्यात सरकवावा. भोकातून दिसत होता फक्त मंत्री.

मी गोल बाजारात एका पत्रेवाल्याकडे गेलो. चित्र काढून, मापं लिहून, मोठ्या भोकाची चौकट समजावली. त्याने शांतपणे ऐकलं.

"जाली किस चीज़ की लगानी है? चायपत्ती की?"

"जाली नहीं लगानी."

"फिर छानेगा क्या?"

चौकट मात्र त्याने उत्तम कापली. कडांना दात होते, ते मी दोन दिवस कानशीने घासले. मग न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने झाकली, लाल दिवा लावला, नळाचं पाणी रायपूरच्या मे महिन्याला शोभेल इतकं गरम असल्याने रसायनांच्या ट्रेखाली बर्फ ठेवला, आणि पहिला कागद छापला. मंत्री पौर्णिमेच्या चंद्रासारखा उगवला. चारी कोपरे कोरे पांढरे. लेन्सही छोट्या निगेटिव्हसाठीच होती. तिचा उजेड मोठ्या चौरसाच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतच नव्हता. खांब अर्धा दिसत होता. त्याला टेकलेलं कोणी नव्हतं.

मोठी लेन्स नागपूरच्या मित्राने कुरियरने पाठवली. तिचे आटे वेगळे निघाले. ती एन्लार्जरला लागेना आणि मी तिला सोडेना, अशी एक अख्खी दुपार गेली. आईने दार वाजवलं.

"झालं का? मले हातपाय धुवायचे आहेत. काहून एकटाच बोलून राहिला आत?"

मी बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं: चौकट, लेन्स, आटे, जपान. चांगली दहा मिनिटं बोललो.

"म्हणजे त्या मशीनले मधातलं दिसते, अन् कोपऱ्यातलं दिसत नाही?"

"हव."

"मग तिलेच मधात ठेव ना."

मी म्हटलं, असं करता येत नाही. पूर्ण फोटो आला पाहिजे, बाबांनी जशी चौकट पाहिली तशी. पुस्तकांत यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत.

"तुझ्या बाबांले ती दिसलीच नसन. ते मंत्र्याकडे पाहून राहिले होते. त्या हारवाल्याले मी काय करू?"

मी रागावून आत गेलो. जुन्या छोट्या चौकटीच्या, निगेटिव्ह अडवणाऱ्या दोन खुंट्या घासून टाकल्या, निगेटिव्ह सरकवली आणि मावशीला भोकावर आणलं. मंत्री, कार्यकारिणी आणि पाच आठवड्यांची माझी मेहनत पत्र्याखाली झाकली गेली. ट्रेमध्ये आधी खांब उमटला, मग पदर, मग तिचं स्वतःचं नाक.

ओला कागद ताटात घालून मी आईकडे नेला. तिने भिंग चेहऱ्यावर धरलं. खूप वेळ धरलं. मग ते हळूहळू खाली, पदरावर नेलं आणि तिथेच थांबवलं.

"हे रफू माझं आहे."

"काय?"

"माझी साडी नेसून गेली ही! मी तापानं घरी पडून होती. आल्यावर विचारलं, तर म्हणे, ताई, तुझ्या पेटीले हातही नाही लावला." तिने कागदाकडे पाहून आवाज चढवला. "खोटारडी!"

संध्याकाळपर्यंत ती मावशीशी भांडत होती. मधूनच हसायची, मधूनच भिंग पुसायची. मी न्हाणीघर आवरायला घेतलं, तेवढ्यात हाक आली.

"अजून मोठा काढ रे एक. पेटीले हात नाही लावला म्हणते, तर हात पाहू दे मले तिचे."

आवरलेले ट्रे मी पुन्हा मांडले.