प्रशिक्षणाच्या दुपारी मी का उठलो

"सरांना बटण सापडेना. ते शिकवणाऱ्या मुलीवर खेकसले आणि प्रशिक्षण अर्धवट टाकून निघून गेले."

मिरजगावच्या आमच्या महाविद्यालयात, माझ्या निवृत्तीनंतरही, नव्या प्राध्यापकांना चहासोबत ही हकिकत पुरवली जाते. सांगणारे गृहस्थ वाणिज्य विभागाचे. त्या दुपारी ते माझ्यासमोरच बसले होते, त्यामुळे गैरसमजाची सवलत त्यांना देता येत नाही.

ऑनलाइन अध्यापनाचे ते प्रशिक्षण होते. शिकवणारी आमच्याच संगणक विभागात रुजू झालेली, एके काळची माझी विद्यार्थिनी. प्रत्येकाने पुढच्या संगणकावर बसून नमुना तास घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच सभागृहात मोबाईलवर विद्यार्थी व्हायचे, अशी तिची पद्धत.

"सर, चिन्हावर आकडा दिसला की मुलांचे प्रश्न आलेत असं समजायचं. दाबलं की उघडतात," तिने आदराने सांगितले. मला ते एकदाच सांगावे लागले.

मी खर्ड्याची लढाई घेतली. ती मी आयुष्यभर शिकवली. निजामाची फौज किल्ल्याच्या आश्रयाला पळते त्या क्षणी मी थांबतो. तेव्हा वर्गातली एकूण एक नजर माझ्यावर खिळते, हे मी सहकाऱ्यांना अनेकदा अभिमानाने ऐकवले होते. बोलता बोलता चिन्हावरचा आकडा वाढू लागला. माना मोबाईलमध्ये खाली. इतके प्रश्न! मला आनंद झाला, हे लपवत नाही. मी चिन्ह दाबले.

माझा पडदा भिंतीवरही दिसत होता.

"आता सर थांबणार."

"थांबून चष्मा काढणार बघा."

"सर, मागच्या बाकाला लई झोप येतीय." हे क्रीडाशिक्षकांचे.

"काच पुसून झाल्याशिवाय निजाम पळत न्हाई."

माझा हात चष्म्याच्या काडीवर होता. तो खाली घेता येईना, वर नेता येईना. सर्वांत शेवटची ओळ शिकवणारीची होती : "आम्ही तर वर्गात यावर चहाची पैज लावायचो."

मग सगळ्यांना भिंत दिसली.

"सर, ते... गंमत चालली होती. सॉरी सर," ती उभी राहून म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"बस, बाळ. पैज कोण जिंकायचं?" मी विचारले. याला कुणी खेकसणे म्हणत असेल, तर म्हणो.

सहकाऱ्यांच्या थट्टेला मी थट्टेनेच पुरून उरलो असतो. पण खिळलेल्या ज्या नजरांवर मी इतकी वर्षे ताठ चाललो, त्या चष्म्यावर खिळल्या होत्या, लढाईवर नव्हत्या. अजूनही गावात जुना विद्यार्थी वाकून नमस्कार करतो, तेव्हा माझा हात चष्म्यापाशी जाऊ नये म्हणून मी तो खिशात घालतो.

मी उठून गेलो, हे खरे. बटण सापडत नव्हते म्हणून गेलो, हे खोटे. तास संपवण्याचे बटण तिने अजून कुणालाही दाखवले नव्हते, आणि मी खुर्ची सोडण्यापूर्वी सभागृहातल्या प्रत्येक मोबाईलवर, वाणिज्यवाल्यांच्याही, एकाच वेळी अक्षरे उमटली होती : "शिक्षकांनी वर्ग समाप्त केला आहे."